सोळा आण्यांची कळ

१२ ऑगस्ट १९५६, रविवार

उभ्यानं लिहिते आहे, खिडकीच्या फळीवर वही ठेवून. बसवत नाही. डाव्या कुल्ल्यातून कळ निघते ती मांडीच्या मागून थेट घोट्यापर्यंत. वैद्यबुवा रांघण म्हणतात, डॉक्टर सायटिका म्हणतात. नावं दोन, पाय एकच.

आज कळ चौदा आणे. सोळा आणे झाली की माणूस ओरडतो, असं मी आपलं ठरवलं आहे. अजून ओरडले नाही.

संडासात धरून उठायला ह्यांनी काल वरच्या कडीला दोरी बांधून दिली. मी काही बोलले नव्हते, त्यांनीच ओळखलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि बरंही वाटलं. बावीस वर्षांत गजरे आणले, पातळं आणली, पण ह्या दोरीइतकं... हे कुणाला सांगण्यासारखं नाही. इथेच राहू दे.

संध्याकाळी म्हणाले, "वर्माच्या आईला इंदरगंजच्या चिनी दातवाल्याकडे गुण आला."

"माझे दात चांगले आहेत."

"दातवाला नव्हे गं, त्याची बायको. सुया टोचते. म्हातारी चार महिने खाटेवर होती, आता चालत देवळात जाते."

वर्मा ह्यांच्या कचेरीतले, शेजारच्या टेबलावरचे. थापा मारणारा माणूस नाही. पण सुया! उषा हसत सुटली. "आई, तेरा तो पिनकुशन बनेगा!" अठरा वर्षांची झाली, इंटरला आहे, पण हसायला लागली की हिंदीतच हसते.

मंगळवारी जायचं ठरलं. ह्यांनीच ठरवलं.

१४ ऑगस्ट, मंगळवार

गेले. टांग्यात दर खड्ड्याला डोळ्यांपुढे काजवे.

पुढे दुकान. काचेच्या कपाटात कवळ्या मांडलेल्या, सगळ्या हसणाऱ्या. मागे पडदा, पडद्यामागे बाकडं. लिनसाहेब दात बघतात. बायकांच्या अंगाला सुया लावायचं काम लिनबाईंचं. बापाकडून शिकल्या. पस्तिशीच्या असतील. बारीक अंगाच्या, बोटं मात्र सुतारासारखी. जन्म कलकत्त्याचा, हिंदी तिकडचीच.

"दीदी, आप लोग यहाँ का?"

सांगितलं, ग्वाल्हेरीत येऊन दीडशे वर्षं झाली, पण गावातले लोक अजून दक्षिणीच म्हणतात.

"हमको भी चीना बोलता है. चीन हम देखा नहीं."

सुया पाण्यात उकळत होत्या. केसाएवढ्या बारीक. एक कुल्ल्यात, एक गुडघ्याच्या मागे, एक घोट्याबाहेर. टोचल्याचं जवळजवळ कळलंच नाही. मग ती सुई हळूच फिरवते आणि विचारते, "आया?"

काय यायचं ते मला माहीत नव्हतं. म्हटलं, नाही. पुन्हा फिरवली. "आया?" आणि एकदम आलं. दुखणं नव्हे. जड, आंबल्यासारखं काहीतरी, पाण्यानं भरत गेल्यासारखं खाली पावलापर्यंत.

"आया," मी म्हटलं.

"बस. आप नहीं बोलेगा तो हम अंधा." रोग्यानं खरं सांगितलं तरच तिचा हात चालतो. मला हे आवडलं. आजवर एका डॉक्टरनं मला काही विचारलं नव्हतं.

शेवटी एका वाळक्या पाल्याची विडी पेटवून कातडीजवळ धरते. वास थेट दवण्याचा. चैत्रातला देव्हारा आठवला.

हे बाहेर कवळ्यांसमोर पाऊण तास बसून होते.

१७ ऑगस्ट, शुक्रवार

बारा आणे. ती म्हणते, मंगळवार-शुक्रवार, दोन महिने. चुकवायचं नाही.

२८ ऑगस्ट, मंगळवार

सहा आणे!! डाव्या कुशीवर झोपले. पाच महिन्यांनी.

शाळेत खुर्चीवर बसून चौथीचं निबंधवाचन घेतलं. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, दिवाळीला निवृत्त होतात. त्यांनी वर आपल्या खोलीत बोलावलं. म्हणाल्या, "अर्ज कर. एकोणीस वर्षं झाली तुला. तुझ्यानंतर कमल, पण तिला बाराच झाली. समितीला तुझ्याशिवाय दुसरं नाव सुचू नये."

जिना चढून गेले होते, हे उतरताना लक्षात आलं.

मला ती खोली हवी आहे. इथे लिहायला हरकत नाही. पुण्याच्या मासिकांत माझ्या सात गोष्टी छापून आल्या, त्याचं लोक कौतुक करतात, पण "लिहितात हो त्या" असं, लोणची घालतात हो त्या म्हणावं तसं. ती खोली म्हणजे वेगळं. मुलींना कोणती पुस्तकं द्यायची, मराठी किती तास ठेवायचं... आता नोव्हेंबरात नवा प्रांत होणार, राजधानी भोपाळला जाणार, मराठीचे तास कोण ठेवतं बघावं. तिथे कुणीतरी भांडणारं हवं.

अर्ज दिला. समितीचे चिटणीस तात्या, म्हणजे ह्यांच्याच कचेरीतले आणि ह्यांच्या पत्त्यांच्या अड्ड्यातले. "वहिनी, तुमचा अर्ज म्हणजे नुसता उपचार," म्हणाले.

८ सप्टेंबर, शनिवार. गणपती

उकडीचे मोदक एकवीस, सगळे माझ्या हातचे. तीन तास ओट्याशी. चार आणे, फार तर.

हे दारात उभे राहून बघत होते. म्हटलं, चव बघा. म्हणाले, "एवढं उभं राहू नकोस." मायेनं म्हणाले असं वाटलं.

कचेरीत दुसरा विषयच नाही. कोण भोपाळ, कोण इथे. आधी रियासतीचे नोकर, मग मध्यभारताचे, आता आणखी कुणाचे. ज्येष्ठतेच्या याद्या तीनदा बदलल्या. ह्यांना पन्नास पूर्ण. रात्रीतून केस पिकल्यासारखे दिसतात. म्हटलं, गेलो तर गेलो, भोपाळात काय माणसं राहत नाहीत? तर म्हणाले, "तिथे मला दिनकरराव म्हणून हाक मारणारा एक माणूस नाही."

मी जाणार नाही असं मी म्हटलेलं नव्हतं. ते का म्हटलं नाही, ह्याचा विचार करते आहे. खोली मिळाली तर मी काय करीन?

१५ सप्टेंबर, शनिवार

बाड्यावरच्या बाजारातून माझ्यासाठी काठी आणली. शिसवीची, मुठीला पितळी फूल. इतकी सुबक! मी म्हटलं, आता कशाला, आता तर मी बरी... तर म्हणाले, "असू दे. बाहेर जाताना धरत जा. मला काळजी नको."

डोळे भरून आले. त्यांना बोलता येत नाही, ते वस्तू आणतात.

२१ सप्टेंबर, शुक्रवार

घरून, दाना ओलीच्या गल्लीतून, इंदरगंजपर्यंत चालत गेले. एकटी, काठी घरी विसरून. दोन आणे, तोही वळताना.

लिनबाईंच्या दारात वर्मा भेटले, आईला घेऊन आलेले. मला बघून दोन्ही हात वर केले. "अरे भाभीजी! बिना टाँगे के? दिनकर तो कहता था आप खाट से नहीं उठतीं!"

मी हसले. म्हटलं, त्यांना मला खाटेवर बघायची सवय झाली आहे.

घरी सांगितलं तर हे चिडले. असे कधी चिडत नाहीत. "कुणी कुणी पाहिलं तुला?" काय पाहायचं आहे माझ्यात? "आणि त्या सुया आता पुरे. भोंदूगिरी सगळी. नसेत काही गेलं म्हणजे?"

त्यांनीच तर नेलं होतं. त्यांनीच.

मी नाही म्हटलं. शुक्रवार-मंगळवार जाणार. उषा ताटाकडे बघत जेवली.

३ ऑक्टोबर, बुधवार

यादी लागली. ह्यांचं नाव भोपाळमधून कापलं. ग्वाल्हेरीतच राहायचं! पेढे आणले. देवापुढे दहा मिनिटं हात जोडून उभे होते.

"कसं काय झालं?" विचारलं.

"कृपा त्याची," म्हणाले.

त्यांच्या जागी वर्मा जाणार. त्यांची म्हातारी आई... विचार मनात आला आणि हातातला पेढा परत ताटलीत ठेवला. ह्यांना म्हटलं, वर्मांना भेटून यायला हवं. "बघू," म्हणाले.

तरी आनंद झाला. खोटं कशाला लिहू? नवरा इथे, घर इथे, खोली इथे. मागितलं ते सगळं एकदम, असं कधी होतं?

१६ ऑक्टोबर, मंगळवार

समितीनं कमलला निवडलं.

काल संध्याकाळी बैठक झाली, आज तात्या शाळेत आले. मला बाजूला घेऊन, अगदी हळू आवाजात. "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. दोन मजल्यांची शाळा, दिवसातून दहा वेळा जिना. तुमच्या तब्येतीला ते झेपायचं नाही."

मी म्हटलं, "तात्या, मी आत्ता जिना उतरूनच आले."

"एखादा दिवस बरा जातो हो. पण कायमचं अपंगत्व म्हटल्यावर समितीलाही विचार करायला हवा."

"कायमचं अपंगत्व कुणी म्हटलं?"

तात्या माझ्याकडे बघत राहिले. त्यांना खरंच वाटलं की मी चेष्टा करते आहे. "अहो, दिनकररावांच्या अर्जात आहे की. फाईल माझ्याच टेबलावरून गेली. त्याच्यावरच तर बदली रद्द झाली त्यांची. एकीकडे अपंग म्हणायचं आणि दुसरीकडे मुख्याध्यापिका, हे कसं जमायचं? उद्या कुणी विचारलं तर दिनकररावांवरच बालंट."

सुयांना गेले नाही. घरी आले. जिना चढले. पाय दुखत नव्हता.

१७ ऑक्टोबर, बुधवार

हे कारकून. घरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक कागदाची स्थळप्रत ठेवतात. भावाला लिहिलेल्या पत्राचीसुद्धा. नळाच्या तक्रारीची सुद्धा. लग्नानंतर मला ह्याचं हसू यायचं. कपाटात वर डाव्या हाताला बासनं, प्रत्येकावर चिठ्ठी.

"घर-दुरुस्ती." "उषा-शिक्षण." आणि नवं, लाल दोऱ्याचं: "सौ.-प्रकृती."

माझ्या नावाची फाईल आहे.

दोन अर्ज. एक २० ऑगस्टचा, एक १६ सप्टेंबरचा. सोबत डॉक्टरचा दाखला, पत्त्यांच्या अड्ड्यातल्याच एका डॉक्टरचा, ज्यानं माझा पाय कधी पाहिलेला नाही.

पहिला अर्ज, हिंदीत:

"पीड़ा सोलह आने में चौदह आने रहती है. बाईं करवट सोए पाँच मास हो गए. शौचालय में ऊपर बँधी रस्सी पकड़कर उठना पड़ता है..."

उभी होते, खाली बसले.

चौदा आणे. सोळा आणे. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. उषाला नाही, डॉक्टरला नाही, ह्यांना नाही. हे फक्त ह्या वहीत आहे. ही वही ह्या फळीवर उघडी असते, बावीस वर्षं असते. लपवावी असं कधी मनातही आलं नाही.

माझी दोरी सेक्रेटरिएटात फिरून आली. टेबलाटेबलावरून. कुणीतरी तिच्याखाली लाल पेन्सिलीनं रेघ मारली असेल.

दुसऱ्या अर्जात: "किसी उपचार से लाभ नहीं. लाठी के बिना चलना असंभव." सोळा सप्टेंबर. आदल्या दिवशी काठी आणली.

आणखी एक गोष्ट. दोन्ही अर्जांचं अक्षर ह्यांचं नाही. ह्यांची हिंदी म्हणजे मराठीला 'है' लावलेली. हे गोल, वळणदार अक्षर मी घडवलं आहे. पाटीवर, बोट धरून.

१८ ऑक्टोबर, गुरुवार

विचारलं. आरडाओरडा केला नाही.

आधी म्हणाले, कोणते अर्ज? मग, "पहिला अर्ज खोटा नव्हता." नव्हता. हे खरं आहे.

"आणि दुसरा?"

"दुसरा मागितला त्यांनी. प्रकृतीत फरक आहे का, म्हणून."

"होता."

"होता. मग काय लिहू? फरक आहे, मला भोपाळला पाठवा?"

"मला विचारायचं होतं."

"तू नाही म्हणाली असतीस."

हेच तर. मी नाही म्हणाले नसते. ऑगस्टात विचारलं असतं तर मी स्वतः लिहून दिलं असतं, ह्यांच्यापेक्षा चांगलं. सप्टेंबरात विचारलं असतं तर... माहीत नाही. पण दोघं मिळून खोटं बोललो असतो, किंवा दोघं मिळून भोपाळला गेलो असतो. मला बावीस वर्षांत एवढंही ओळखलं नाही?

वहीचं विचारलं. कधीपासून वाचता?

"रोज नाही." मग अगदी खरेपणानं, डोळ्यांत बघून: "मी दहा वेळा लिहून पाहिलं गं. तुझ्यासारखं उतरेना."

हे त्यांनी आजवर माझ्या लिहिण्याबद्दल काढलेले पहिले चांगले शब्द. सात गोष्टी छापून आल्या तेव्हा म्हणाले होते, "छान, कागद बरा आहे मासिकाचा."

१९ ऑक्टोबर, शुक्रवार

लिनबाईंनी सुया लावल्या. फिरवली. "आया?"

नाही.

थोडी खोल. "आया?"

नाही आलं. चार जागी करून पाहिलं. पाय लाकडासारखा. घामानं तिचा चेहरा भिजला. मग तिनं एक एक काढून वाटीत ठेवल्या.

"दीदी किसी से झगड़ा किया?"

मी मान हलवली.

"आज आप शरीर बंद कर दिया. बंद घर में हम कैसे घुसेगा?"

परत येताना कळ होती. होती की नव्हती? मला वाटतं होती. हे नवीन आहे. आजवर पाय दुखला की दुखायचा. आता दुखलं की आधी मनात येतं, हे माझं दुखणं की अर्जातलं?

किती आणे ते लिहीत नाही.

२२ ऑक्टोबर, सोमवार

उषाशी पाच दिवस बोलले नव्हते. आज केस विंचरायला माझ्यापुढे येऊन बसली, आपणहून, लहानपणी बसायची तशी.

"तू लिहिलंस," मी म्हटलं.

"बाबा सांगत गेले, मी लिहीत गेले. त्यांची हिंदी तुला माहीत आहे ना."

"आणि मला सांगितलं नाहीस."

ती वळली. "आई, मुझे लगा तुला माहीत आहे! सगळे शब्द तर तुझेच होते. ते दोरीचं, ते आण्यांचं. मला वाटलं तूच बाबांना सांगितलंस. दोघांनी मिळून ठरवलंय, असं वाटलं."

"आणि सप्टेंबरातलं? लाठी के बिना असंभव?"

तेव्हा मात्र खाली बघितलं. "तेव्हा कळलं होतं. बाबांनी गळ्याची शपथ घातली. और आई, सच बोलूँ? मलाही भोपाळला जायचं नव्हतं."

तिची वेणी अर्धी राहिली. पूर्ण केली. घट्टच घातली, ती 'आई गं' म्हणाली नाही.

तेव्हा, ह्या घरात भोपाळला कुणालाच जायचं नव्हतं. मलाही नाही. तिघांना एकच हवं होतं आणि एकीला न सांगता ते मिळवलं.

२४ ऑक्टोबर, बुधवार

वर्मांनी वर लेखी तक्रार केली. काय चुकलं त्यांचं? त्यांनी मला डोळ्यांनी पाहिलं, हात वर करून आनंद केला. आणि पंधरवड्यात माझ्या पायापायी त्यांची बदली.

कचेरीतून पत्र आलं. मंगळवारी, तीस तारखेला, दहा वाजता पत्नीस सिव्हिल सर्जनसमोर हजर करावे. त्यांचा दाखला अंतिम.

हे पत्र हातात धरून बसले आहेत. भोपाळचं आता त्यांना भय नाही. भय आहे खोट्या अर्जाचं. नोकरीच्या पुस्तकात शेरा पडेल, कदाचित त्याहून जास्त. पाच वर्षं राहिली निवृत्तीला.

२५ ऑक्टोबर, गुरुवार

तात्या आले. माझ्याशी बोलायला, ह्यांच्याशी नाही. चहाही घेतला नाही.

"वहिनी, मी मध्ये सापडलोय. पण एक सांगतो. सर्वसाधारण सभा चार तारखेला आहे. कमलचं नाव तिथे कायम व्हायचं. त्याआधी तुम्ही सिव्हिल सर्जनचा कागद आणलात, प्रकृती ठीक आहे म्हणून, तर मी स्वतः विषय पुन्हा मांडेन. मोठ्या बाई तुमच्याच बाजूच्या आहेत."

"आणि ह्यांचं?"

"ते मला विचारू नका."

तोच डॉक्टर, तोच कागद. ठीक आहे लिहिलं तर खोली माझी, आणि हे गेले. ठीक नाही लिहिलं तर हे राहिले, वर्मा भोपाळला, आणि मी जन्मभर ह्या लष्कर पेठेत काठी टेकत फिरायचं. निबंधवाचन बसून. जिन्याकडे बघायचं नाही. सुयांना जायचं नाही, कारण बरी होऊन चालणार नाही.

२७ ऑक्टोबर, शनिवार

वही कुलपात ठेवायची असं ठरवलं होतं. उषाच्या पेटीचं कुलूप काढूनही आणलं. मग ठेवलं नाही. कुलूप लावलं तर हे जिंकले असं होईल, असं काहीतरी.

तर वाचत असाल, तर वाचा. तुम्हांला सांगते आहे.

दोरी बांधलीत त्या दिवशी मी जे लिहिलं ते खरं होतं. ते तुम्ही वाचलंत. तुम्हांला कळलं की ही आपल्याला किती... आणि ते कळल्यावर आठ दिवसांनी तुम्ही ते उषाला सांगून लिहून घेतलंत. मला राग अर्जाचा नाही. डॉक्टरच्या खोट्या दाखल्याचाही नाही. तुम्ही ते पान वाचून उठून माझ्याकडे आला नाहीत, ह्याचा आहे. मी पलीकडच्या खोलीत होते. बारा पावलं.

२८ ऑक्टोबर, रविवार

वाचलं त्यांनी. कळतं. वही फळीच्या काठाशी होती, आता भिंतीशी आहे.

दिवसभर माझ्याकडे बघायला धजले नाहीत. दुपारी दिवाळीचं सामान काढताना एकदम म्हणाले, "बारा नाहीत, नऊ. मोजली मी."

त्या क्षणी त्यांच्या जवळ जावंसं वाटलं आणि त्याचाच राग आला.

मग विचारलं, "मंगळवारी काय सांगणार आहेस?"

"ते विचारतील ते."

"लंगडायचं तर फार नाही, जरासं. तू म्हणत नव्हतीस का, परवापासून पुन्हा दुखतंय?"

म्हणाले नव्हते. लिहिलं होतं.

२९ ऑक्टोबर, सोमवार

लिनबाईंकडे गेले. वार नव्हता, तरी घेतलं. सगळं सांगितलं. माझ्या आईला सांगितलं नसतं असं सगळं. ती सुया उकळत ऐकत होती.

"दीदी, हम क्या करेगा? हम दर्द निकालता है. सच-झूठ नहीं निकालता."

मग टोचली. "आया?"

बराच वेळ गेला. मी डोळे मिटून वाट बघत होते. खरंच येतं आहे की यावं असं वाटतं आहे, ते ठरत नव्हतं. ती घाई करत नव्हती. बाहेर लिनसाहेब कुणाचा तरी दात काढत होते आणि तो माणूस आईचं नाव घेत होता.

"थोडा आया," मी म्हटलं.

"थोडा अच्छा है. थोडा सच है."

उतरताना पाठीवर हात ठेवला तिनं. "कल के बाद आएगा?"

मी पदर सावरून चपला घातल्या.

३० ऑक्टोबर, मंगळवार. सकाळ

जागी झाल्यावर तशीच पडून राहिले आणि पायात कळ शोधली. आहे. घोट्याजवळ, झोपलेली. उठवली तर उठेल, नाही उठवली तर तशीच राहील. आजवर मला वाटायचं दुखणं आपल्याला घडतं.

वर्माही तिथे असणार म्हणे.

उषानं पातळाला इस्त्री केली. दोन्ही पातळं काढून ठेवली: निळं, शाळेत जाताना नेसते ते, आणि मळकट सुती, आजारपणातलं. "तू घे तुला हवं ते," म्हणाली आणि बाहेर गेली.

मी निळं नेसले आहे. त्यावरून काही ठरत नाही. निळं नेसूनही लंगडता येतं.

मी गेले नाही तर ह्यांचं काय होईल, गेले तर माझं काय, हे सगळं रात्रभर मांडून झालं. उत्तर आलं आहे, असं वाटतं. पहिल्यांदाच असं होतं आहे की काही कळलं आणि ते इथे उतरवावंसं वाटत नाही.

हे आत्ता आत आले. दाढी केलेली, कोट घातलेला, लाल दोऱ्याचं बासन काखेत. वहीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"लिहिलंस?"

"हो."

"बघू?" पहिल्यांदा विचारलं.

मी वही त्यांच्याकडे फिरवली. उभ्यानं वाचली, ओठ हलवत, आजच्या तारखेपासून खालच्या ओळीपर्यंत. पान उलटून मागचं कोरं पानही पाहिलं.

"ह्यात तर काहीच नाही," म्हणाले.

"नाही."

टांगेवाला दुसऱ्यांदा हाक मारतो आहे.